शंभरातले एक्कावन्न आले. मग ही संसद कोणाची?

ओवी | ११ जून २०२४

लोकसभेचा धुरळा अजून खाली बसलेला नाही. ४ जूनच्या निकालाच्या धाग्यांवर रोज शंभर प्रतिसाद पडताहेत, ते मीही वाचते आहे. तरी हा वेगळा धागा काढते, कारण परवा रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा युरोपियन संसदेसाठी, म्हणजे २७ देशांच्या युरोपियन संघाच्या संसदेसाठी, मत दिलं आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही.

आम्ही स्टुटगार्टमध्ये राहतो. २०२२ मध्ये जर्मन नागरिकत्व घेतलं, म्हणजे भारताचा पासपोर्ट परत केला. तो जमा करताना काय वाटलं ते पुन्हा कधीतरी. पण त्या बदल्यात हाती आलेला मताचा हक्क मला फार मोलाचा वाटतो. जर्मनीत यंदा या निवडणुकीत पहिल्यांदाच १६ वर्षांच्या मुलांना मत होतं, त्यामुळे माझं आणि लेकीचं पहिलं मत एकाच दिवशी पडलं.

आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात त्याच दिवशी नगरपालिकांचीही निवडणूक होती. तिच्या मतपत्रिका आधीच टपालाने घरी येतात, चांगलं जाडजूड बाड. स्टुटगार्टच्या नगरसभेत ६० जागा, म्हणून प्रत्येक मतदाराला ६० मतं. एका उमेदवाराला जास्तीत जास्त तीन देता येतात, आणि एका यादीतले दोन, दुसऱ्या यादीतले पाच असे वेचूनही घेता येतात. आठवडाभर ते बाड आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं. जेवणं उरकली की आम्ही तिघं बसायचो. ह्या बाई पाळणाघरासाठी भांडल्या, त्यांना तीन. हे गृहस्थ सायकलच्या रस्त्याला आडवे आले, त्यांना काही नाही. लेकीने पेन्सिलीने पुन्हा पुन्हा बेरीज करून साठाचा हिशोब जुळवला, मत वाया जायला नको म्हणून.

मग रविवारी शाळेतल्या मतदान केंद्रावर युरोपची पत्रिका हातात आली. लांबच लांब पट्टी, तीसहून जास्त पक्ष, प्रत्येकाच्या यादीतली पहिली दहा नावं बारीक अक्षरात, आणि आपल्याला फुली एकच. वरचा उजवा कोपरा कापलेला, दृष्टिहीनांना साचा बरोबर बसवता यावा म्हणून. बहुतेक पक्षांची यादी अख्ख्या देशासाठी एकच, त्यामुळे आपल्या भागाचा माणूस कोण हेही कळत नाही. फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, माझी साठ मतं कोणाला गेली ते मी नावानिशी सांगते. हे एक कोणाला गेलं ते नाही सांगता येत." पक्ष तिला ठाऊक होता. तिथे जाऊन बसणारं माणूस कोण आणि ते काय करणार, हे नव्हतं. मलाही नव्हतं.

आता आकडे आलेत. २७ देशांत मिळून ५१ टक्क्यांच्या आसपास. जर्मनीत जवळपास ६५, एकत्रीकरणानंतरचा उच्चांक. क्रोएशियात २१. एकूण ३६-३७ कोटी मतदार, लोकसभेखालोखाल जगातली सगळ्यात मोठी लोकशाही निवडणूक, आणि त्यातले जवळपास निम्मे घरी राहिले. ह्या संसदेने केलेले कायदे २७ देशांना बंधनकारक असतात. निम्मेच लोक आले तर तिला तो अधिकार कुठून येतो? मनापासून विचारते आहे. अभ्यास असलेल्यांनी लिहावं.

---

फटकळ | ११ जून २०२४

अधिकार येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१४ मध्ये स्लोव्हाकियात १३ टक्के मतदान झालं. त्या देशाला तेव्हा जागाही १३ होत्या. शंभरातल्या तेरांनी पाठवलेली तेरा माणसं ब्रसेल्सला गेली आणि तिथे 'स्लोव्हाक जनतेच्या वतीने' मत देत राहिली. उरलेल्या सत्त्याऐंशींनी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेलासुद्धा गणपूर्ती लागते. इथे का नको?

---

विदावाला | ११ जून २०२४

ओवीताई, धागा आवडला. आधी मालिका एका जागी ठेवतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

१९७९ मध्ये ६२ टक्के. १९८४ आणि १९८९ मध्ये ५९ आणि ५८. १९९४ मध्ये ५७. १९९९ मध्ये पहिल्यांदा निम्म्याच्या खाली, ४९.५. २००४ मध्ये ४५.५, २००९ मध्ये ४३, २०१४ मध्ये ४२.६. मग २०१९ मध्ये एकदम ५०.७ आणि यंदा साधारण तेवढंच.

ही उतरण बघून 'लोकांचा विश्वास उडाला' असं लिहिणारे पुष्कळ आहेत. पण १९७९ ला देश होते नऊ. त्यातल्या बेल्जियम आणि लक्झेंबर्गमध्ये मतदान सक्तीचं, इटलीत ८५ टक्क्यांच्या वर. नंतर जे देश आले, विशेषतः २००४ मध्ये आलेले पूर्वेकडचे, तिथे मुळातच कमी लोक मत देतात. म्हणजे उतरणीचा बराचसा भाग हा सरासरीत कोण कोण मिसळलं याचा आहे. वर्गात नवी मुलं आली म्हणून सरासरी खाली गेली, तर जुनी मुलं नापास झाली असं होत नाही.

सगळंच असं झटकता येत नाही, हेही सांगतो. इटली यंदा ४८ वर आला आहे. ८५ वरून ४८. तिथे कोणी नवं मिसळलेलं नाही.

लिथुएनियाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. २००९ ला २१ टक्के. २०१९ ला ५३. यंदा २९. माणसं तीच, युरोप तोच. २०१९ मध्ये त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची दुसरी फेरी होती, यंदा ती दोन आठवडे आधी, २६ मेला उरकली होती. लिथुएनियन माणूस युरोपसाठी घराबाहेर पडत नाही, पण बाहेर पडलाच असेल तर युरोपची पत्रिकाही टाकून येतो. फटकळ, मग २०१९ ची लिथुएनियन मंडळी वैध आणि २०२४ ची अवैध, असं म्हणणार का?

---

लिफीकाठ | ११ जून २०२४

डब्लिनहून लिहितो. आमच्याकडे शुक्रवारी, ७ तारखेला मतदान झालं, स्थानिक आणि युरोपियन एकत्र. माझा पासपोर्ट भारताचा. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत कुठल्याही देशाचा रहिवासी मत देऊ शकतो, म्हणून केंद्रावर मला एकच पत्रिका मिळाली. शेजारच्या टेबलावर आयरिश आजोबांना दोन. त्यांची युरोपची पत्रिका दोन हातांत मावेना. आमच्याकडे फुली नसते, १, २, ३ असे पसंतीक्रम द्यायचे. पश्चिमेकडच्या मतदारसंघात तर २७ उमेदवार आहेत. कमी मतांचा उमेदवार बाद करायचा, त्याची मतं पुढच्या पसंतीला वाटायची, पुन्हा मोजायचं. मोजणी अजून चालू आहे आणि हा आठवडा तरी खाईल.

ओवीताईंच्या लेकीचं म्हणणं इथे लागू होत नाही. इथे लोक नावाला मत देतात, पक्षाला नंतर. खासदार गावच्या सामन्याला येतो, मयतीला येतो. तरीही मतदान ५० टक्क्यांच्या आसपासच. नाव माहीत असणं पुरत नाही, असं दिसतं.

---

जुना जाणता | १२ जून २०२४

मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, त्यातली दहा-बारा वर्षं हा विषय वर्गात घेतला. थोडं सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

१९७९ च्या आधीही युरोपियन संसद होती, पण तिचे सदस्य देशोदेशींच्या संसदा आपल्यातून पाठवत. थेट निवडणूक पहिल्यांदा जून १९७९ मध्ये झाली. त्या संसदेने अध्यक्ष म्हणून निवडलं सिमॉन व्हेय यांना, आउशवित्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेल्या फ्रेंच बाईंना. त्या निवडीमागची भावना मला आजही मोठी वाटते.

पण त्या संसदेला करता काय येत होतं? अर्थसंकल्पात थोडंफार. कायद्याच्या बाबतीत फक्त मत कळवायचं, ऐकायचं की नाही ते सरकारांनी ठरवायचं. तेव्हा मतदान ६२ टक्के. पुढे मास्ट्रिक्टच्या तहाने तिला काही विषयांत मंत्रिपरिषदेच्या, म्हणजे देशोदेशींच्या मंत्र्यांच्या परिषदेच्या, जोडीने कायदे करण्याचा हक्क दिला. मार्च १९९९ मध्ये तिच्या दबावाने झाक सांतेर यांचं संपूर्ण युरोपियन कमिशन, म्हणजे संघाचं एक प्रकारचं सरकारच, राजीनामा देऊन गेलं. एवढा मोठा पराक्रम, आणि तीनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत मतदान पहिल्यांदा निम्म्याखाली घसरलं. डिसेंबर २००९ मध्ये लिस्बनचा तह लागू झाला, संसद बहुतेक विषयांत मंत्रिपरिषदेच्या बरोबरीची झाली. त्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत नीचांक. २०१२ मध्ये ह्याच संसदेने 'आक्टा' हा आंतरराष्ट्रीय करार ३९ विरुद्ध ४७८ मतांनी फेटाळला. दुबळी संस्था असं करू शकत नाही.

म्हणजे अधिकार चढत गेला आणि मतदान उतरत गेलं. 'संसदेला ताकद द्या, लोक आपोआप येतील' हे गृहीतक आम्हीही वर्गात सांगत असू. ते चुकलं, हे कबूल केलं पाहिजे.

का चुकलं? पहिल्याच निवडणुकीनंतर, १९८० मध्ये, राइफ आणि श्मिट या दोघा अभ्यासकांनी एक मांडणी केली. ती अजून कोणाला खोडता आलेली नाही. त्यांच्या मते ही 'दुय्यम दर्जाची राष्ट्रीय निवडणूक' आहे. सरकार बनत नाही, पडत नाही, त्यामुळे कमी लोक येतात. जे येतात ते आपल्या देशातल्या सत्ताधाऱ्याला चिमटा काढायला येतात, आणि छोट्या पक्षांना बरे दिवस येतात. आपल्याकडे पोटनिवडणुकीत किंवा जिल्हा परिषदेत जे होतं, तेच. युरोपियन निवडणूक नावाची एक गोष्ट नाहीच, एकाच आठवड्यात झालेल्या सत्तावीस पोटनिवडणुका आहेत.

फटकळ यांना एक सांगावंसं वाटतं. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभेला ४५ टक्क्यांच्या आसपास मतदान होतं. त्या सभागृहाला बेकायदा कोणी म्हटलं नाही.

---

फटकळ | १२ जून २०२४

सर, आदर ठेवून असहमत. पहिल्या लोकसभेच्या वेळी लोक पहिल्यांदाच मत देत होते, अक्षरओळख नव्हती, तरी आपलं सरकार आपण निवडतो आहोत हे प्रत्येकाला कळत होतं. न आलेल्यालाही कळत होतं. मुंबई दक्षिणमध्ये २० मेला ५० टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, तिथेही घरी बसलेल्याला काय पणाला लागलंय ते माहीत होतं. युरोपात घरी बसलेल्याला हे माहीतच नाही. माझा आक्षेप आकड्यावर आहे असं सगळ्यांना वाटतंय. आक्षेप त्याच्या मागच्या अज्ञानावर आहे.

गणपूर्तीचा मुद्दा मात्र मागे घेतो. रात्री विचार केला. गणपूर्ती ठेवली तर निवडणूक पाडायची असेल त्याने नुसतं घरी बसायचं, एवढंच होईल.

---

रानफूल | १२ जून २०२४

वाचते आहे. फार दिवसांनी इथे समोरच्याचं ऐकून घेणारी चर्चा दिसली. चालू ठेवा.

---

मांडवी | १३ जून २०२४

मला वेगळंच सांगायचं आहे. आकडा म्हणतो 'आले नाहीत'. त्यातल्या काहींना येऊ दिलं नाही, हे आकड्यात दिसत नाही.

मी मूळची म्हापशाची. नवऱ्याच्या वडिलांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज गोव्यातला. त्या आधारावर घरातल्यांनी लिस्बनला नोंद केली आणि नवरा पोर्तुगालचा नागरिक झाला. तसे हजारो गोंयकार त्या पासपोर्टवर इंग्लंडात आले, आम्हीही आलो. माझा पासपोर्ट भारताचाच राहिला.

२३ मे २०१९ ला इंग्लंडात शेवटची युरोपियन निवडणूक झाली. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर मला मत देता येत होतं. साधं नाव नोंदवलं की झालं. नवरा मात्र युरोपियन नागरिक. त्याला 'मी फक्त इथेच मत देईन, माझ्या देशात देणार नाही' असा वेगळा अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत भरायचा होता. निवडणूक होणार की नाही हेच सरकारने त्याच सुमारास पक्कं सांगितलं. आम्हाला तो अर्ज वेळेत मिळाला नाही.

संध्याकाळी कामावरून आल्यावर आम्ही जोडीने गेलो. टेबलामागच्या बाईंनी यादीवर पट्टी ठेवून खाली खाली सरकवली. माझ्या नावावर रेघ मारून पत्रिका दिली. नवऱ्याच्या नावापुढे एक अक्षर छापलेलं होतं, ते बघून त्या थांबल्या आणि "सॉरी, लव्ह" म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच वाईट वाटत होतं. मी पत्रिका हातात धरून उभी, आणि तो, ज्याच्या नागरिकत्वाच्या नावाने ही सगळी निवडणूक, तो दाराशी छत्री घेऊन उभा. ब्रिटनने युरोपियन संघ सोडावा का, या २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतातही असंच झालं होतं. मला मत होतं, त्याला नव्हतं. तो आमच्या दोघांच्या आयुष्याचा प्रश्न होता.

त्या दिवशी देशभर कितीतरी युरोपियन नागरिकांना असं परत पाठवलं गेलं, पेपरांत खूप गाजलं. ब्रिटनचं मतदान ३७ टक्के नोंदलं गेलं. निवडून आलेल्या ७३ जणांना आठच महिन्यांत, ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर घरी जावं लागलं. ३७ टक्क्यांना 'उदासीनता' म्हणणाऱ्याला माझ्या नवऱ्याची छत्री दाखवावीशी वाटते.

---

विदावाला | १३ जून २०२४

मांडवीताई, हे वाचून थांबलो. तुमच्यामुळे यादीचा मुद्दा तपासून पाहिला.

क्रोएशियाची लोकसंख्या २०२१ च्या गणनेत ३८-३९ लाख, आणि मतदारयादीत सुमारे ३७ लाख नावं. मुलं वजा केली तर एवढे मतदार देशात असूच शकत नाहीत. कामासाठी जर्मनी-आयर्लंडला गेलेल्यांची नावं यादीतच आहेत. म्हणून २१ टक्के हा आकडा जितका वाईट दिसतो तितका नाही.

पण स्वतःच्या मुद्द्याला स्वतःच उत्तर देतो. १७ एप्रिलला त्याच फुगलेल्या यादीवर त्यांच्या देशाच्या संसदेची निवडणूक झाली, तेव्हा ६२ टक्के आले. दोन महिने झाले नाहीत तोच २१.

आणि सक्तीने हे सुटेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: बल्गेरियात २०१६ पासून कायद्याने मतदान सक्तीचं आहे. यंदा युरोपियन आणि राष्ट्रीय संसदेची निवडणूक तिथे एकाच दिवशी होती. तरी ३४ टक्के. न येणाऱ्यावरची कारवाई त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने रद्द केली, आणि राष्ट्रीय संसदेची तर ही तीन वर्षांतली सहावी निवडणूक. लोक दमलेत. मी वर लिथुएनियाबद्दल जे ठामपणे लिहिलं, ते बल्गेरियाला लागू पडत नाही.

---

द्राक्षबाग | १४ जून २०२४

दिंडोरी तालुक्यातून. इथे राजकारणावर सहसा लिहीत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या भागात २०१० चा हंगाम कोणी विसरलेलं नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की वेलीची वाढ आवरायला लिहोसिन मारायचो, सगळेच मारायचे. त्याचा अंश माल युरोपात पोचल्यावर तिथल्या तपासणीत सापडला आणि कंटेनर अडकले. आमच्या चुलत्यांचा माल त्यात होता. तोवर औषधांच्या यादीत ज्याच्याकडे कोणी लक्षही दिलं नव्हतं, ते नाव गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ झालं. आता ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणीवर प्लॉटची नोंद, फवारणीची वही, काढणीआधी नमुना, रिपोर्ट आल्याशिवाय कात्री लावायची नाही. अंश किती चालेल त्याची मर्यादा युरोपियन कमिशन ठरवतं, आणि ज्या कायद्याखाली ठरवतं तो २००५ साली ह्याच संसदेने मंत्रिपरिषदेबरोबर केलेला.

मर्यादा चुकीची आहे असं मी म्हणत नाही. खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये, आमचीही पोरं तीच द्राक्षं खातात. पण त्या कायद्याने माझी फवारणीची वही लिहिली जाते आणि मला तिथे मत नाही, मिळणारही नाही. ज्यांना आहे त्यातले निम्मे उठून जात नाहीत. ओवीताई, तुम्ही गेलात हे बरं केलंत. पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही न्या.

---

फटकळ | १४ जून २०२४

द्राक्षबाग, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद.

आणखी एक बाजू कोणी मांडली नाही. मताचं वजन सारखं नाही. जर्मनीला ९६ जागा आणि लोकसंख्या आठ कोटींवर, म्हणजे साधारण पावणेनऊ लाखांना एक. माल्टाला ६ जागा, वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे लाखाच्या आत एक. ओवीताईंच्या एका मताच्या नऊपट वजन माल्टाच्या माणसाच्या मताला. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ च्या लिस्बन निकालात नेमकं हेच बोट ठेवलं होतं. सगळ्यांच्या मताला सारखी किंमत नसेल, तर ही संसद एका जनतेची प्रतिनिधी नाही, देशादेशांच्या जनतांची आहे.

---

जुना जाणता | १५ जून २०२४

बरोबर, आणि म्हणूनच तिथली वैधता दोन पायांवर उभी केली आहे. युरोपियन संघाच्या तहाच्या दहाव्या कलमात स्पष्ट आहे: नागरिकांचं प्रतिनिधित्व संसदेत, देशांचं मंत्रिपरिषदेत, आणि परिषदेत बसणारी सरकारं आपापल्या लोकांना उत्तरदायी. एक पाय अधू असला तरी दुसऱ्यावर उभं राहता येतं. लंगडत, पण येतं.

वजनाबद्दल म्हणाल तर लक्षद्वीपच्या साठ हजारांच्या आतल्या मतदारांना एक खासदार आहे, आणि आपल्या जागांची राज्यवार वाटणी अजून १९७१ च्या जनगणनेवर आहे. लहानाला झुकतं माप दिल्याशिवाय संघ टिकत नाहीत.

मला जास्त खुपते ती दुसरी गोष्ट. २०१४ मध्ये संसदेतल्या गटांनी ठरवलं की प्रत्येक गटाने कमिशनच्या अध्यक्षपदाचा उमेदवार आधी जाहीर करायचा. त्यातून ज्याँ-क्लोद युंकर आले. २०१९ मध्ये सगळ्यात मोठ्या गटाचा चेहरा मानफ्रेड वेबर होते. देशप्रमुखांनी त्यांना बाजूला सारलं आणि ज्यांचं नाव प्रचारात कुठेच नव्हतं त्या उर्सुला फॉन डेर लायन यांना पुढे केलं. संसदेने ३८३ मतांनी मान्य केलं, गरजेपेक्षा जेमतेम नऊ जास्त. मतदाराने काय समजायचं?

---

ओवी | १५ जून २०२४

सर, मी रविवारी पत्रिकेवर फॉन डेर लायन यांचं नाव शोधलं होतं. यंदा त्या अधिकृत उमेदवार होत्या, रस्तोरस्ती चर्चा होती, पण त्या संसदेच्या जागेसाठी उभ्याच नव्हत्या. मला वाटतं दुखणं इथे आहे. मत आणि सरकार यांच्यामधला धागा डोळ्यांना दिसत नाही. नगरसभेचा दिसतो, म्हणून आम्ही आठवडाभर टेबलावर बसलो.

---

विदावाला | १५ जून २०२४

ताई, पटतं, पण आकडे ह्याला साथ देत नाहीत. २०१४ मध्ये चेहरे दिले, मतदान नीचांकी. २०१९ मध्ये पाच वर्षांच्या अनुभवावर चेहऱ्यांवरचा विश्वास वाढायला नको होता, तरी आठ टक्क्यांनी चढलं. त्या वर्षी ब्रेक्झिटचा घोळ समोर दिसत होता, शाळकरी मुलं हवामानासाठी शुक्रवारी रस्त्यावर होती, आणि उजवे पक्ष सगळीकडे चढत होते. लोक चेहऱ्यासाठी आले नाहीत. काहीतरी निसटून जाईल, किंवा कोणीतरी शिरजोर होईल, म्हणून आले. भांडण दिसलं की माणूस बाहेर पडतो.

---

लिफीकाठ | १ जुलै २०२४

धागा वर काढतो, कारण फ्रान्सने विदावाल्यांचं म्हणणं करूनच दाखवलं. ९ जूनला तिथे ५१ टक्के मतदान. त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी राष्ट्रीय सभा बरखास्त केली. काल, ३० जूनला, पहिल्या फेरीत ६६ च्या वर. तीन आठवडे, तेच मतदार, बरेचसे तेच पक्ष. पंधरा टक्के माणसं मधल्या काळात शहाणी झाली नाहीत. ह्या वेळी सरकार ठरणार होतं, एवढाच फरक.

आणि सर म्हणतात त्या 'दुय्यम' निवडणुकीनेच हे 'मुख्य' घडवलं, हेही लक्षात घ्या. ९ जूनला घरी बसलेल्या फ्रेंच माणसाने नकळत आपल्या देशाची संसद पाडण्यात हात लावला.

---

फटकळ | १ जुलै २०२४

हे शेवटचं वाक्य मी जपून ठेवतो आहे. माझं मत तरीही बदललेलं नाही, पण आता वेगळ्या शब्दांत लिहीन. संसद अवैध नाही. तिचा मतदार अर्धवट माहितीवर उभा केला जातो, आणि ते दुरुस्त करायची घाई कोणालाच नाही, कारण न आलेल्यांचं कोणालाच काही द्यावं लागत नाही.

---

ओवी | १९ जुलै २०२४

काल स्ट्रासबुर्गला संसदेने फॉन डेर लायन यांना दुसऱ्यांदा निवडलं. बाजूने ४०१, विरोधात २८४. लेकीला सुट्टी जवळ आली आहे, आम्ही दोघींनी थेट प्रक्षेपण लावलं होतं. तिने एवढ्या दिवसांत एक काम केलं होतं. तिच्या यादीतून कोण कोण निवडून गेलं ते शोधून त्यातल्या एक बाई निवडल्या, त्या कोणत्या समितीवर जाणार ते वहीत लिहून ठेवलं. द्राक्षबाग यांचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला होता, त्याचा हा परिणाम.

निकाल जाहीर झाल्यावर ती म्हणाली, आता ह्या बाईंनी काय मत दिलं ते बघते. अर्धा तास शोधलं. मग लक्षात आलं की अध्यक्षपदासाठीचं मतदान गुप्त असतं. कायद्यांवरची मतं नावानिशी सापडतात, ही सापडत नाहीत. पाच वर्षांतलं जे मत सरकार बनवण्याच्या सगळ्यात जवळ जाणारं, तेच मतदाराला बघता येत नाही. सदस्यांवर त्यांच्या सरकारांनी दबाव आणू नये म्हणून हे राखलंय, असं मी तिला समजावलं. तिला ते अर्धंच पटलं. मलाही.

रात्री तिने त्या बाईंना मेल लिहिलं. जर्मनमध्ये, चार ओळी. मी सोळा वर्षांची आहे, ९ जूनला तुमच्या यादीला माझं पहिलं मत दिलं, आज तुम्ही कसं मत दिलंत आणि का, ते मला सांगाल का? पाठवण्याआधी तिने मला दाखवलं, मी फक्त एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

उत्तर आलं की इथे टाकते.